आत घेतलेले ब्लाउज

आई, पार्ल्यात शाळा सुटायच्या वेळी हवेत बिस्किटांचा वास असायचा आणि तू गेटाशी उभी असायचीस, पदराने मान पुसत, माझ्या दप्तरासाठी हात पुढे करून. सातवीत एकीने विचारलं, "तुझी आई रिक्षात एकटीच बसते का गं? दुसऱ्याला जागा कुठे उरत असेल!" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर तुला म्हणाले, "उद्यापासून कोपऱ्यावर थांब." तू का म्हणून विचारलं नाहीस. दहावीपर्यंत कोपऱ्यावर थांबलीस.

तुझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी पन्नाशीला आले होते आणि तुझं ताट माझ्या हातात आलं होतं. तूप बंद, अंडं बंद, मासे बंद, दीड पोळी. तू म्हणायचीस, "अर्धा लाडू दे ना गं. अर्ध्याने काय होतंय?" शेजारच्या काकू शेंगदाण्याचे लाडू लपवून आणायच्या. त्यांना मी दारातच सुनावलं, "काकू, आईला मारायचंय का तुम्हाला?" त्या पुन्हा आल्या नाहीत. तुझे ब्लाउज मी दोनदा शिंप्याकडे आत घ्यायला दिले आणि येईल त्याला सांगत राहिले, बघा, आई कशी बारीक झाली.

तपासणीच्या दिवशी तू पडद्याआड साडी सारखी करत होतीस, तेव्हा डॉक्टर हळूच मला म्हणाले, "वजन आता आणखी उतरू देऊ नका. या वयात अंगावर मांस नसलं की सावरायला जड जातं. खाऊ घाला त्यांना." परतताना रिक्षात तू विचारलंस, "काय म्हणाले गं?" मी म्हटलं, "छान चाललंय, असंच चालू ठेवा म्हणाले." पुढे साधा ताप आला आणि तुला उठून बसवेना. त्यातून तू उठलीच नाहीस. लाडवाने तू वाचली असतीस का, ते कुणीच सांगू शकणार नाही. पण भुकेली गेलीस. तुझ्या हृदयासाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगते. मला गेटाशी उभी करण्यासारखी आई हवी होती, आई, इतक्या वर्षांनीसुद्धा.

गेल्या महिन्यात मलाही स्टेंट बसला. मी आता तुझ्याच अंगाची आहे. डॉक्टर म्हणतात, उपाशी राहू नका, आधी ताकद येऊ दे, वजनाचं हळूहळू बघू. काल काकू काठी टेकत आल्या, पितळी डबा घेऊन. "तू तरी खा गं बाई." मी दोन लाडू खाल्ले, त्यांच्यासमोर, मान वर न करता.

माझ्या लेकीसाठी, माझ्यामागे वाचायला, चिठ्ठी लिहून ठेवतेय. डबा काकूंना परत, भरून. तुझी इरकल साडी लेकीला. ब्लाउजही तिलाच, पण आधी शिलाया उसवून, तुझ्या मूळ मापाचे करून.