चार बोटं अंतर

प्रिय शिवांजली,

हातात फोन असताना आप्पानं पत्र का धाडलं, म्हणून हसशील. फोनवर तू 'दिसलं का?' विचारतेस आणि मी विचार करायच्या आत तोंडून 'दिसलं की' निघून जातं. स्वतःचीच चीड येते. म्हणून आज सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून लिहितोय. अक्षर मोठं आलंय, ओळी वाकड्या गेल्या असतील, तेवढं चालवून घे.

महिना झाला, तू रोज संध्याकाळी पुण्याहून सांगतेस की शुक्र आणि गुरू जवळ येतायत, येत्या मंगळवारी अगदी शेजारी दिसतील. मीही तुला रोज अंतर सांगतो. आज दीड वीत, आज एक वीत, परवा तर चार बोटं. ती मापं माझी नव्हेत पोरी. तुझ्या आईला गच्चीवर बोलवायचो आणि म्हणायचो, हात लांब करून बघ बरं, मधे किती बोटं मावतात? 'या वयात परीक्षा घेता व्हय माझी!' म्हणत ती मोजायची. तिचं माप मी तुला सांगायचो. मला पश्चिमेला दिसतो तो पिंजलेल्या कापसासारखा नुसता एक उजेड. याच गच्चीवर तुला खांद्यावर बसवून मी शिकवलं होतं की लुकलुकतो तो तारा आणि शांत राहतो तो ग्रह. आमच्या गुरुजींनी मला शिकवलं तसंच. आता प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं. शांत असं काही उरलंच नाही.

आधी मी सगळा दोष ईरण्णाला दिला. हायवेवर ढाब्यासमोर त्यानं उंच खांबावर मोठा दिवा लावलाय. एका संध्याकाळी तावातावानं गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याला बोललो, तुझ्या दिव्यापायी आमचं आभाळ नासलं. त्यानं हातातला झारा खाली ठेवला न् म्हणाला, 'भागवतआण्णा, शुक्र मावळतीला, माझा ढाबा तुमच्या उगवतीला. माझा दिवा आडवा येतोच कसा?' गिऱ्हाइकं हसली. मी मान खाली घालून घरी आलो. राग त्याच्यावर नव्हता, हे तेव्हाच कळलं होतं. कबूल करायला जमत नव्हतं.

काल संकष्टी होती. पंचांगात चंद्रोदय दहा वाजून गेल्यावरचा होता, पण उपास सोडायची वेळ जवळ आली की माझं चित्त घड्याळात राहत नाही. त्यात गावातली लाईट गेलेली. तांब्या आणि दूर्वा घेऊन गच्चीवर गेलो. थोड्या वेळानं उगवतीला, लिंबाच्या शेंड्याच्या वर पिवळा गोल उजेड आला. हात जोडले, मंत्र म्हटला, अर्घ्य दिलं. तुझी आई नैवेद्याचं ताट घेऊन वर आली आणि बघतच राहिली. 'अवं, लाईट आली ती. चांदोबा अजून उगवायचाय. तुम्ही ईरण्णाच्या ढाब्याला अर्घ्य दिलं व्हय? मग मोदक बी तिकडंच धाडू का?' म्हणून पोटभर हसली. मी हसलो नाही. मग तीही हसायची थांबली.

खरा चंद्र वर आला तेव्हा तिनं माझा हात धरून तांब्या त्याच्याकडं वळवला. खाली गेल्यावर खुंटीवरची शाळेच्या गाडीची किल्ली काढली आणि पदराच्या गाठीला बांधली.

आता जे फोनवर सांगणं मला जमलं नाही, ते लिहितो. एप्रिलमध्ये जादा तासाची पोरं नळदुर्गहून घेऊन येताना दिवस मावळला होता. पुढं बसलेली सातवीतली मिनाज एकदम ओरडली, 'काका, म्हैस!' तेव्हा कुठं ब्रेक लागला. पोरांना वाटलं, काकांना डुलकी लागली. मीही तसंच सांगितलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांना डोळे दाखवले. साखरेमुळं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू लवकर पिकलेत, ऑपरेशन करून घ्या, गाडी चालवू नका, असं त्यांनी बजावलं. मी ती चिठ्ठी देव्हाऱ्यात गणपतीच्या तसबिरीमागं ठेवली. देवावर भार टाकला असं मनाला समजावलं, पण खरं म्हणजे डोळ्याला सुरी लागायची भीती वाटली. त्यानंतरही शाळेला सुट्टी लागेपर्यंत मी गाडी चालवली. नऊ लेकरं होती गं माझ्या मागं. पंधरा तारखेला शाळा उघडतेय. आज संध्याकाळी त्या नऊ घरी जाऊन सांगणार आहे की गाडी दुसऱ्याची बघा, आणि का ते सांगणार आहे. मिनाजच्या घरी आधी जाईन. तू सुट्टी काढून ये आणि मला दवाखान्यात ने. एकट्यानं गेलो तर दारातून परत येईन, मी स्वतःला ओळखतो. मंगळवारी फोन मात्र कर. फक्त 'दिसलं का?' विचारू नकोस. तुला काय दिसतंय ते तू सांग, मी ऐकतो.

चिठ्ठी तसबिरीमागून काढून ठेवलीय.

तुझाच,
आप्पा