नानाय उठून उभी राहिली

कुया दानिलो, माझ्या थोरल्या दादा,

घरी आलास की जेवत बसू नकोस, सरळ किनाऱ्याकडे ये. नानायला घेऊन मी तिकडेच निघालेय.

हो, आपली आई चालतेय. साखरेच्या दुखण्याने जिचे पाय गळाले, ताताय गेल्यापासून जिने भिंतीकडे तोंड केलं, दोघांनी धरल्याशिवाय जी खुर्चीतून उठली नाही, तीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाय आणि मन एकमेकांना खाली ओढतायत, एकाला तरी उठवा. मी किती विनवण्या केल्या! आज कपडे वाळत घालून आत आले तर ती खोलीच्या मधोमध उभी. हात पुढे, कुणीतरी ओढून उठवावं तसे.

"नानाय, कुणी उठवलं गं?"

"तुझ्या बापाने. रोज दुपारी येतो, तुझा डोळा लागला की." आणि हसली रे, कितीतरी महिन्यांनी. "आज म्हणतोय, पाण्यापर्यंत चल."

मला आनंदाने रडू आलं, आणि मग अंगावर काटा आला. ताताय समुद्रातच गेले ना! तिला बसवायला गेले तर जागची हलेना. म्हणून म्हटलं, मीही येते.

तिच्यावर ओरडू नकोस. दुसऱ्या बाजूने तिचा हात धर. तिकडे कुणी दिसलं नाही तरी धर.

भात झाकून ठेवलाय. अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजवा तिने धरलाय, आणि मला तो सोडवता येत नाहीये.

लिगाया