नावाखालची ओळ

प्रिय यामिले,

पीठ मळायची यंत्रं, पांदेबोनोचे, म्हणजे चीजच्या पावाचे, गोळे पाडणारं यंत्र, मोटरवर चालणारी चीजची किसणी, तुझ्या आईची मक्याची गिरणी, आणि आवाज न करता मिटणारं भट्टीचं दार. हे सगळं मी हातांनी केलं, आणि तू ते त्या नोकरीच्या साइटवर फोटोंसकट मांडलंस. मांडणी छान आहे. फक्त गोळ्यांच्या यंत्राचा फोटो उलट्या बाजूने घेतलास. त्यात पट्टा दिसत नाही, आणि खरी गंमत पट्ट्यातच आहे.

जाताना तू म्हणालीस, "बाबा, रोज उघडून बघा. बोगोटाचं काम आलं की इकडेच या, नातीला आजोबा जवळ हवेत." तेव्हापासून मला त्या साइटचं वेडच लागलंय. कोण डोकावून गेलं तेही कळतं. लिमाच्या एका बाईने विचारलं, चीजचं पीठ पात्याला चिकटू नये म्हणून काय करता? मी सविस्तर लिहिलं. तिने फोटो पाठवला, तर पातं वाकडं बसवलेलं. तेही सांगितलं. इतक्या लांबून एवढ्याशा पात्यासाठी मला कोणी कसं शोधून काढतं, याचं नवल संपत नाही.

माझ्या नावाखाली तू 'मेकॅनिकल इंजिनिअर' लिहिलंस. दोष तुझा नाही. इथे आपल्या बुगा गावात इस्त्रीचा शर्ट दिसला की डॉक्टर आणि हातात पाना दिसला की इंजिनिअर. बेकरीवाल्या डोन्या ऑफेलिया अजून दारातूनच ओरडतात, "काय इंजिनिअर, आज येताय की नाताळाला?" तू तेच ऐकत मोठी झालीस. पण बोगोटाच्या कारखान्यातून फोन आला आणि तिथल्या बाईंनी इंजिनिअरच्या परवान्याचा क्रमांक विचारला. मी म्हटलं, "बाई, पाचवीनंतर मी शाळा पाहिली नाही." मी लगेच ती ओळ बदलली: 'बेकरीची यंत्रं बनवणारा, स्वतः शिकलेला.'

दुसऱ्या दिवशी त्यांच्या साहेबांचा फोन. "डॉन एलिएसेर, ओळ कशाला पुसलीत? तुमच्या कामाचे व्हिडिओ पाहिलेत आम्ही. परत लावा, परवान्याचं आम्ही बघतो." मी विचारलं, बघता म्हणजे कसं? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ते हसले. "कुणाचा तरी क्रमांक असतोच हो."

उद्या त्या यंत्रात एखाद्या पोरीचा हात सापडला, तर कागदावर सही माझी आणि क्रमांक भलत्याचा. माझ्या कामाखाली माझंच नाव लागतं, यामिले.

आजोबा येणार असं तू नातीला सांगूनही टाकलं असशील. म्हणून फोन न करता लिहितोय. फोनवर तुझा आवाज भरून आला असता तर मी हो म्हणून बसलो असतो. सोमवारी मी त्यांना नाही कळवलं. देऊ केलं होतं ते असं: कारखान्यातली सगळी यंत्रं माझ्या हाताखाली, तुझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, आणि महिना चौऱ्याऐंशी लाख पेसो.

तुझाच बाप,
एलिएसेर