तू पाठवलेला पंखा

ता. ११, रविवार

चि. ठेंगू,

अनेक आशीर्वाद, आणि फोन उचलत नाहीस म्हणून पाठीत एक धपाटा. ताडमाड वाढलास तरी मी तुला ठेंगूच म्हणणार. अक्षर एवढं मोठं का, असं विचारू नकोस. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि उजवा त्याच्या वाटणीचं काम करून वैतागलाय. बाकी माझं छान चाललं आहे.

जिन्याचा कठडा एकदाचा दुरुस्त झाला. नळाला पाणी सकाळी थोडा वेळ येतं, त्यावरची भांडणं मात्र दिवसभर पुरतात. आपल्या शिंप्याने काजं करायचं यंत्र आणलं. मी दिवसभर मान मोडून जेवढी काजं करायचे, तेवढी ते चहा होईपर्यंत करून टाकतं. बिचारा दारात मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा मीच म्हटलं, "अरे, यंत्राला चष्मा लागत नाही, बरं केलंस." तेव्हापासून हाताला काम नाही. तुला कळवायचं राहून गेलं होतं.

शिंप्यानेच सांगितलं की निराधार म्हाताऱ्यांना सरकार दर महिन्याला पेन्शन देतं. अर्जही त्यानेच भरला. सांभाळणारं कुणी आहे का, असं त्यात विचारलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे. त्याने 'नाही' लिहिलं. मला वाटलं, कागद कचेरीत जाईल, कुणाला कळतंय!

पण चौकशीला साहेब दारात आले, आणि मी नेमकी दुकानात गेलेली. त्यांनी समोरच्या काकूंना विचारलं. काकूंना काय, विचारायचा अवकाश. "अहो साहेब, असा मुलगा दिवा घेऊन शोधलात तरी सापडणार नाही. पंखा त्याने पाठवला, चष्मा त्याने पाठवला. आईला काही कमी पडू देत नाही." साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि गेले.

आता तू म्हणशील, कुठला पंखा? तर ऐक. गेल्या उन्हाळ्यात तू मला टेबलपंखा पाठवलास. त्याआधी चष्मा, आणि थंडीसाठी स्वेटर. सगळं मीच काजांच्या पैशांतून आणलं आणि तुझ्या नावावर खपवलं. बाकीच्या बायका आपापल्या मुलांची कौतुकं सांगत बसतात, तेव्हा मी काय भिंतीवरच्या पाली बघत बसू?

अर्ज नामंजूर झाला. मी कचेरीत गेले तर कारकून सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, मुलगा एवढा हिऱ्यासारखा, मग गरिबांच्या तोंडचा घास कशाला काढता?" मेल्याहून मेल्यासारखं झालं रे. मी हळूच "तसं नाही हो" म्हटलं, तेव्हा शेवटी म्हणाला, शेजारणीला घेऊन या, तिने जबाब बदलला तर बघू.

मी नाही नेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत घरी बसून राहिले. पण मूठ झाकून बसलं की तिच्यात कुणाला काही ठेवताही येत नाही. काही दिवस एक वेळ जेवले. ओरडू नकोस, आता दोन्ही वेळ जेवते. एके दिवशी जिन्यात चक्कर आली आणि काकूंनीच धरून वर आणलं. त्या कपात साखर घालत होत्या, तेवढ्यात मी सांगून टाकलं की माझा मुलगा काही पाठवत नाही.

त्या ढवळतच राहिल्या. म्हणाल्या, "मला माहीत आहे हो. पंख्याचं खोकं तुम्ही स्वतः दुकानातून उचलून आणलंत, मी खिडकीतून बघत होते."

"मग साहेबांना असं का सांगितलंत?"

"परका माणूस दारात येऊन तुमच्या मुलाचं विचारतो, आणि मी काय तुमची अब्रू वेशीवर टांगू?"

मला हसावं की रडावं कळेना. दोघींनी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. काकूंचा जबाब झाल्यावर कारकुनाने मला विचारलं, "म्हणजे मुलगा सांभाळत नाही?" मी म्हटलं, "सांभाळू शकत नाही, असं लिहा. तो कामाला होता ते गोदाम बंद पडलंय." हो, मला ठाऊक आहे. तुमच्या गोदामाचा ट्रकवाला इथून जाताना भेटून गेला. तू त्याला शपथ घातली होतीस, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मिळेल ती हमाली करतोस, आणि आईकडे कुठल्या तोंडाने जाऊ म्हणतोस, हेही त्यानेच सांगितलं.

कारकून म्हणाला, "मावशी, त्यासाठी वेगळा रकाना नाही. सांभाळतो किंवा सांभाळत नाही." मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. पोटासाठी पोरावर ठपका ठेवायचा, याची मला फार लाज वाटली. काकूंनी पाठीवर हात ठेवला. मग मी 'सांभाळत नाही' याच्याखाली सही केली.

पेन्शन सुरू झालं. थोडकंच आहे, पण वेळेवर येतं. सरकारदरबारी तुझ्याबद्दल मी काय लिहून दिलं, ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र.

आणि ठेंगू, आता माझ्या पोटाची काळजी तुझ्या डोक्यावर नाही. पैसे जमले की जाईन, असं मनात म्हणत तू किती वर्षं काढलीस! मला तुझ्याकडून काही नको. पिशवी नको, खाऊ नको, पाकीट तर नकोच. हात हलवत ये. जिन्यात कुणी विचारलं, "आईसाठी काय आणलंस?" तर मी वरूनच ओरडून सांगेन, स्वतः आलाय.

कागदावर निराधार,
तुझी आई