हुंडा इ.

जालना,
१२ जून

प्रिय तृप्ती,

अक्षरावरून ओळखलं नसशील तर आधीच सांगून टाकतो, मी मच्छिंद्र. मंठ्याचा. तुझ्या प्रॅक्टिकलच्या वह्या उतरवून बी.एस्सी. झालेला. पंचवीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम चार पानं लिहायला बसलोय. तुझा पत्ता प्रेमनं दिला, तुझ्या चुलतभावानं. पत्र फाडावंसं वाटलं तर फाड, पण शेवटचं पान वाचून मग फाड. माझ्या बायकोला, उमाला, विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिहा, पण खरं खरं लिहा. गाडी विकताना बोलता तसं नका लिहू."

तर खरं लिहितो. मी हुंडा मागणाऱ्या घरातला आहे, असं तू इतकी वर्षं समजत आलीस, हे मला महिन्याभरापूर्वीपर्यंत माहीतच नव्हतं. मी हुंडा मागितला नव्हता, तृप्ती. माझ्या वडिलांनी, आबांनीही नव्हता. नवीन जालन्यातला तो प्लॉट तुझ्या वडिलांनी, अण्णांनी तुझ्या नावावर घेतलाय, हे तू मला कॉलेजच्या कँटीनमध्ये सांगितलं होतंस. ते मी घरात कधी कुणाजवळ बोललो नाही. ते फक्त मला माहीत होतं, म्हणून तुझा संशय माझ्यावरच आला असणार, हे आता कळतंय. तुझ्या जागी मी असतो तर मलाही दुसरं काही सुचलं नसतं.

आता जे झालं ते क्रमानं सांगतो. अण्णांनी आपल्या लग्नाच्या पहिल्याच बैठकीत आबांना तोंडावर सांगितलं होतं की हुंडा देणार नाही. आबा म्हणाले होते, "मागितलाय कोणी?" आणि दोघांनी एकमेकांना तंबाखू दिली होती. तिथपर्यंत तुलाही माहीत आहे. त्यानंतर दिवाळीला आबांनी गाडी घेतली. सँट्रो. उंच, आखूड, मंठ्यात सगळे तिला डबा म्हणायचे. आबांना मात्र ती एकाच कारणासाठी आवडली होती. डोक्यावरची टोपी न काढता आणि मान न वाकवता आत बसता यायचं. "बाकीच्या गाड्यांत बसायचं म्हंजी पाया पडल्यावानी वाकावं लागतंय," म्हणायचे. पण गाडीचं नाव ते घ्यायचे नाहीत. एकदा बाजारात सँट्रो म्हणाले तर कुणीतरी "संत्री कशी दिली?" म्हणून चेष्टा केली. तेव्हापासून ते कंपनीचंच नाव सांगायचे. हुंडाई. आमची हुंडाई आली, हुंडाई गेली, हुंडाईला पाणी मारा.

फेब्रुवारीत साखरपुड्याची तारीख धरायला आम्ही तुमच्याकडे पिंपळगावला यायचं ठरलं. तुमच्या घरी फोन नव्हता. राधेश्याम शेठच्या किराणा दुकानात निरोप द्यायचा, ते चिठ्ठी लिहून पोराच्या हातून घरी पाठवायचे. आबांनी मंठ्याच्या एसटीडीवरून फोन लावला. मी शेजारी उभा होतो आणि लाईन खरखरत होती. आबा ओरडून बोलले ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. "रविवारी येतो. हुंडाई हाय. दारात जागा पाहिजे." तुमच्या गल्लीत कडब्याच्या गंजी आणि बैलगाड्या असायच्या. नव्या गाडीला ओरखडा येईल याची त्यांना फार काळजी होती, बाकी काही नव्हतं.

राधेश्याम शेठना गाडीचं नाव माहीत नव्हतं. जेवढं ऐकू आलं तेवढं त्यांनी वहीच्या पानावर लिहिलं, 'रविवारी येतो. हुंडा ई. जागा पाहिजे.' आणि ती चिठ्ठी तीस वर्षं मराठी शिकवलेल्या मास्तरांच्या हातात पडली. अण्णांनी 'हुंडा इ.' वाचलं. हुंडा इत्यादी. त्यापुढं जागा पाहिजे, म्हणजे प्लॉट. शेठचं शुद्धलेखन कच्चं म्हणून दीर्घ ई पडली, असं समजून त्यांनी लाल पेनानं ती ऱ्हस्वही केली. सवय, दुसरं काय!

चार दिवसांनी आम्हाला अण्णांचं पोस्टकार्ड आलं. 'आपण मागितलेली जागा आम्ही देऊ शकत नाही. कृपया येऊ नये.' एवढंच. आबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग जे भडकले ते आठ दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. "दारात गाडी लावू देईनात, ते पोरगी काय देणार? बिलकुल जायचं न्हाई!" आता हसू येतं, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. गाडी लावायला जागा नाही म्हणून कुणी सोयरीक मोडतं का? मला वाटलं, हा बहाणा आहे. तुला दुसरं चांगलं स्थळ आलं असेल, औरंगाबादचं, पक्क्या नोकरीचं, आणि तुझ्या तोंडून ते निघत नसेल.

इथं माझी खरी चूक सांगतो, कारण शेठचा दोष नाही, अण्णांचा नाही आणि त्या गाडीचा तर नाहीच नाही. मंठा ते जालना, जालना ते भोकरदन, तिथून पिंपळगाव. तीन एसट्या बदलायच्या होत्या. दुपारपर्यंत पोचून मी तुझ्या दारात उभं राहून विचारू शकलो असतो, की बाई, काय झालं? मी गेलो नाही. एक दिवस जालन्यापर्यंत आल्तो, स्टँडवर भोकरदनची गाडी उभी होती, आणि मी चहा पिऊन परत मंठ्याच्या गाडीत बसलो. मला माझा अपमान मोठा वाटला. पंचवीस वर्षांचा पोरगा होतो, पण तेवढं कारण पुरत नाही. याची मला लाज वाटते, आणि उमाला सांगितलं तेव्हाही वाटली.

पुढचं थोडक्यात. शेती भावाकडे गेली आणि मी जालन्यात मंठा चौफुलीजवळ जुन्या गाड्यांचा धंदा टाकला. एका कोरियन गाडीनं माझं लग्न मोडलं, असं मी मित्रांत थट्टेनं म्हणायचो, आणि त्याच रागात त्या कंपनीचा सगळा इतिहास शोधून वाचला. गिऱ्हाईक हो-नाही करायला लागलं की चहा मागवतो आणि तोच सांगतो. ज्यानं ती कंपनी काढली तो शेतकऱ्याचा पोरगा. घरातून तीन-चारदा पळाला. त्यातल्या एका खेपेला बापानं गाय विकून ठेवलेले पैसे घेऊन पळाला. शहरात तांदळाचं दुकान, मग मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज, मग रस्ते-पुलांची कामं, आणि साठच्या दशकात मोटारींची कंपनी. आधी दुसऱ्यांच्या गाड्या जोडल्या, मग स्वतःची काढली. चेन्नईजवळ कारखाना टाकून सँट्रो बाजारात आणली ते साल अठ्ठ्याण्णव. आणि त्याच साली हा ऐंशी पार केलेला म्हातारा हजार एक गायीगुरं ट्रकांत घालून, दोन कोरियांमधली सरहद्द ओलांडून, आपल्या जन्मगावाच्या मुलखात देऊन आला. बापाची एक गाय नेली होती म्हणून. इथं आलं की शेतकरी गिऱ्हाईक हमखास चहाचा कप खाली ठेवतं. निम्म्या वेळा गाडीही विकली जाते.

आपल्याकडच्या गाडीमालकांचं मत विचारशील तर ते माणसागणिक निराळं. धान्याच्या मोंढ्यातले आडते म्हणतात, एसी गार आहे, मे महिन्यात बाकी काही बघायचं नाही. बियाणं कंपनीतल्या साहेबांच्या बायकांना स्टिअरिंग हलकं लागतं म्हणून हीच पाहिजे असते. खेड्यातला माणूस बसतो, डोकं वर करून बघतो, टोपीला छत लागत नाही म्हटल्यावर खूश होतो. कुरकुरणारेही आहेत, अॅव्हरेज म्हणावा तसा बराबर न्हाई म्हणणारे. पण त्यांना कोणतीही गाडी दाखवली तरी ते तेच म्हणतात. आबांनी ती सँट्रो सोळा वर्षं चालवली. गेले तेव्हा दवाखान्यातून घरी तीतच आणलं त्यांना. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नाही. कोरियात त्या नावाचा उच्चार ह्यंदे असा काहीतरी करतात, त्यात ड नाहीच, आणि त्याचा अर्थ होतो, आधुनिक. आधुनिक काळ. आपण त्याचं काय करून ठेवलं बघ.

गेल्या महिन्यात एका दुपारी प्रेम एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आला. गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही, लहानशी जुनी गाडी पाहिजे. मी अण्णांना बघताक्षणी ओळखलं. पाठ तशीच ताठ आहे. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण माझ्या डोक्यावर आता काही उरलेलं नाही. प्रेमला एक चंदेरी सँट्रो पसंत पडली. अण्णांनी नाव विचारलं, मी कंपनीचं नाव सांगितलं, आबांसारखंच. तर ते हसून म्हणाले, "मंग ही नको. हिच्या नावातच हुंडा हाय." आणि खुर्चीत बसून त्यांनी मला तुझी-माझीच गोष्ट सांगितली. मंठ्याच्या लोकांनी शब्द फिरवून हुंडा आणि वर प्लॉट मागितला, आणि त्यांनी एका पोस्टकार्डात नाही म्हणून टाकलं. खिशातल्या डायरीतून ती चिठ्ठी काढून दाखवली. प्लास्टिकच्या कागदात घातलेली. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी दहावीच्या वर्गाला दाखवायचे म्हणे, हुंडा मागणाऱ्याला उत्तर कसं द्यायचं त्याचा धडा म्हणून.

मी चिठ्ठी वाचली आणि मला एका क्षणात सगळं कळलं. तरी तोंड उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं, हे तुला शपथेवर सांगतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आयुष्यातली एकच गोष्ट छाती काढून सांगतोय, ती कशाला हिसकावून घ्यायची? पण प्रेम मागून डोकावून वाचत होता. तो सहज बोलून गेला, "अण्णा, हे तर हुंडाई लिहिलंय की. हुंडाई, जागा पाहिजे. पार्किंगचं असंल." अण्णांनी चष्मा पुसला, चिठ्ठी उन्हात धरली, आणि लाल शाईखालच्या अक्षरावर बोट ठेवलं. "दीर्घच हाय," म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "त्या लोकांकडं गाडी होती का हो, तुम्हाला काही ठाऊक?" मला खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "होती. मी मच्छिंद्रच हाय, सर."

ते रागावले नाहीत, रडले नाहीत. पाणी मागितलं, प्यायले, आणि चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून उठले. ती सोबत पाठवतोय, ती तुमच्या घरची आहे. जाताना दारात थांबून एवढंच बोलले, "त्याच्यानंतर तीन स्थळं आली. तिन्हींत मी खोट काढली. शेवटी पोरगीच म्हणाली, आता बस करा. मी तिला कधी विचारलंच न्हाई, की बाई, तू सुखी हायस का."

म्हणून हे पत्र. माझी बाजू मांडायची असती तर मी आणखी पंचवीस वर्षं गप्प बसलो असतो, मला त्याची चांगली सवय आहे. प्रेम सांगतो, त्या दिवसापासून अण्णा धड जेवत नाहीत, आणि तुझा दर रविवारचा फोन वाजत राहतो, ते समोर बसून ऐकतात आणि उचलत नाहीत. तुला वाटत असेल, रेंज नाही, ऐकू कमी येतं. तसं नाही. तुला काय तोंड दाखवू, असं त्यांना झालंय. माझ्या माफीचा त्यांना काही उपयोग नाही. मी दोनदा पिंपळगावला जाऊन आलो, या वेळी गेलो, ते माझ्याशी पीकपाण्याचं बोलले आणि मला लाडू दिला. तुझं आयुष्य माझ्यावाचून अडलं, असं मला वाटत नाही. परभणीच्या विद्यापीठात तुझे विद्यार्थी तुला टरकून असतात हे इथपर्यंत ऐकू येतं, आणि मला त्याचा आनंद होतो. पण ते तुझ्या तोंडून अण्णांनी ऐकायला पाहिजे. फोन करू नकोस, जा. त्यांच्याजवळ बस. सुखी असलीस तर तसं सांग. नसलीस तरी जा.

तुझाच म्हणायचा हक्क राहिला नाही, म्हणून नुसता
मच्छिंद्र