आबा, चेंडू घमेल्यात पडला

प्रिय आबा,

चेंडू घमेल्यात पडला! आज सकाळी, तुमच्याच यंत्रातून, तुमच्याच शेतात. असा ठण्ण आवाज झाला की बांधावरचे बगळे उडाले. मी हे नेहमीसारखं डायरीत लिहिलं, दोनदा वाचलं, पण मन भरलं नाही. ज्याची बातमी त्यालाच कळवायला हवी. म्हणून हे पत्र.

आधीच सांगून टाकते, चेंडू आत पडला आणि उसळून बाहेर आला. घमेलं कलंडलं. तुम्हाला अर्धवट सांगून खोटी शाबासकी घ्यायची नाही मला. पण पडला आतच. त्याचा पुरावा शेवटी देते.

तुम्हाला आठवतो तो आठवडा? तुम्ही जन्मभर राबलात त्या भिवंडीतल्या कारखान्याचे लूम भंगारात गेले, आणि तुम्ही रिक्षातून घरी आणली ती आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका देणारी एक लाकडी काठी आणि चार स्प्रिंगा. आई ओट्यावरूनच म्हणाल्या, "लूम गेले नि ह्यो हात-पाय घेऊन आला." तुम्ही हसलात. महिन्याभरात त्याच काठीचं चेंडू फेकायचं यंत्र झालं. चाळीस वर्षं तिने धोटा इकडून तिकडे फेकला होता, आता सीझन बॉल फेकू दे, म्हणालात.

आणि मग तुम्ही माझ्याकडे आलात. मी कशेळीच्या गोदामात दिवसभर मालाची आवक-जावक शीटवर भरते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत, ही शीट खोके सोडून दुसरं काही मोजते का? आबा, माझी फिजिक्सची बी.एस्सी. लग्नाच्या साड्यांखाली कपाटात गेली होती. ती बाहेर काढायला सांगणारे या घरातले तुम्ही पहिले. मी हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं का? नाही बहुतेक.

एका बोटाने टाइप करत तुम्ही शीट भरलीत. वेग, कोन, अंतर. मोबाइलवर संथ चित्रण करून वेग काढायचा, लोंबता ओळंबा लावून कोन मोजायचा, आणि चेंडू पडला की तुमचा तो गाठी मारलेला नायलॉनचा दोर ताणून अंतर मोजायचं. मी घातलेलं सूत्र कॉलेजच्या पुस्तकातलं होतं, सरळ साधं.

जवळ मारलं की शीट बरोबर यायची. शीट म्हणे तेवीस, दोर म्हणे साडेबावीस. पण स्प्रिंग जास्त ताणून लांब मारलं की शीट म्हणे एक्केचाळीस आणि चेंडू छत्तीसच्या गाठीलाच बसलेला! तुम्ही दर वेळी खाडीच्या वाऱ्याला शिव्या दिल्यात. मी म्हणायची, आबा, सूत्रातच काहीतरी राहिलंय. तुम्ही म्हणायचात, "पोरी, सूत्राला हात लावू नको. वारा चुकतंय." वारा चुकतो, आबा? हा काय न्याय झाला?

नामाकाकांनी तर हा विषय सोडलाच नाही. तुमचे सख्खे धाकटे भाऊ, पण आपल्या अंजूर गावभर सांगत फिरायचे, "दादाचं गणित कशेळीला पोचतं, चेंडू मात्र अंजूरलाच ऱ्हातो." शेवटी तुमची पैज ठरली. भात कापून शेत मोकळं झालं की काकांनी कुठेही घमेलं ठेवायचं आणि तुम्ही त्यात चेंडू पाडायचा. पडला तर काकांनी सगळ्यांसमोर म्हणायचं, गणित बरोबर हाय. बस, एवढंच. पैसे नाहीत, पार्टी नाही. त्या तीन शब्दांसाठी तुम्ही किती हिवाळे घालवलेत!

आणि ते न ऐकताच गेलात.

यंदा भात निघालं आणि घरात ठरलं की शेत गोदामाला द्यायचं. ह्यांनी, काकांनी, सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी विरोध केला नाही. शेती कोण करतंय आता? पण सोमवारी मुरमाचे डंपर येणार हे कळलं तेव्हा तुमची पैज आठवली. भराव पडल्यावर चेंडू मारायचा कुठे? पैज कायमची काकांच्या बाजूने बंद होणार. लोकांच्या लक्षात तुम्ही राहणार ते वाऱ्याशी भांडणारे म्हातारे म्हणून.

म्हणून तुम्ही नको म्हटलेलं काम मी केलं. सूत्राला हात लावला.

फार विचार करून लावला, खरंच. शीटमधली जुनी पाटी, म्हणजे टॅब, तशीच ठेवली, तिला 'आबा' नाव दिलं, आणि शेजारी नवी उघडली. पुस्तकातला चेंडू पोकळीत उडतो, तुमचा अंजूरच्या हवेत उडायचा. मग हवेचा अडथळा घातला. चेंडूचा प्रवास बारीक-बारीक क्षणांत तोडला, प्रत्येक क्षणाला एक ओळ. चेंडू हवेला ढकलतो, हवा त्याला थोडं मागे ओढते, वेग थोडा घटतो, पुढची ओळ. खाली शेकडो ओळी धावत गेल्या आणि आलेखावरची ती गोंडस कमान पुढून झुकली. अगदी तुमच्या चेंडूसारखी!

आणि उत्तर आणखी चुकलं.

तुमची जुनी मापं समोर ठेवली तर लांबचे फटके सुधारले होते, पण जवळचे, जे आधी बरोबर यायचे, ते बिघडले. आता सगळीच उत्तरं दोरापेक्षा कमी. मी आकडे पुन्हा तपासले, चेंडू वजनकाट्यावर ठेवला. काही सापडेना. तेव्हा मनात आलं ते लिहिते. मी तुमची शीट सुधारत होते, की तुमच्या मागे तुम्हाला खोडून स्वतःचं नाव लिहीत होते? जिवंतपणी नको म्हणालात ते काम मेल्यावर करायचा मला काय अधिकार होता?

शीट बंद करून मी कपडे काढायला अंगणात गेले. तुमच्या मागे आईंनी तो दोर वाळवणाला बांधलाय, ठाऊक आहे? त्यावर त्यांचं लुगडं लांबच लांब पसरलं होतं. मी एका गाठीजवळचं पदराचं टोक सोडवलं आणि तिथून पुढच्या गाठी सहज मोजत लुगड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. नऊ. नववी गाठ लुगड्याच्या जेमतेम बोटभर बाहेर.

मी पुन्हा मोजल्या. नऊवारी लुगडं. नऊ गाठी.

आत धावत जाऊन स्टीलची टेप आणली. गाठ ते गाठ साडेएक्याण्णव सेंटिमीटर! म्हणजे मीटर नव्हे, एक वार! आईंना विचारलं, हा दोर आबांनी कुठे बांधला? त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "कारखान्यान. कापड मोजायचं टेबल होतं ना, त्याचे पितळेचे खिळे हायत, त्यावर. दुसरा टोक मीच धरला होता."

अहो आबा! ते टेबल तुमच्या वडिलांच्या काळातलं. त्यावरचे खिळे एकेका वारावर ठोकलेले. आयुष्यभर ज्या खिळ्यांवर कापड मोजलं, त्याच खिळ्यांवर तुम्ही दोर मोजलात, आणि शीटवर आपण दोघं बिनधास्त 'मीटर' लिहीत बसलो! दोर अंतर फुगवून सांगायचा, सूत्रही फुगवून सांगायचं. जवळच्या फटक्याला दोन्ही चुका एकमेकींना झाकायच्या, म्हणून ते बरोबर वाटायचे. एक चूक मी काढली आणि दुसरी उघडी पडली. वारा बिचारा निर्दोष!

वाराचे मीटर केले. सगळे ठिपके रेषेवर येऊन बसले, पंगतीला बसावेत तसे. मी एकटीच मोठ्याने हसले. आईंनी विचारलं काय झालं. तुमच्या लुगड्याने गणित सोडवलं, म्हटलं. "मग ते धुतलं तेव्हाच सांगायचं ना," म्हणाल्या.

आज रविवार, शेताचा शेवटचा. काकांना मी स्वतः बोलावलं. घमेलं त्यांनीच नेऊन ठेवलं, मुद्दाम लांब, पार बांधाजवळ. ह्यांनी आणि मी तुमचा दोर ताणला, वार मोजले, शीटमध्ये भरले. शीटने कोन सांगितला. मी ओळंबा बघून काठी बांधली.

पहिला चेंडू वीतभर अलीकडे पडला. काका म्हणाले, "सूनबाय, तूही दादाचीच." अंदाजाने कोन जरा वाढवावा असं फार वाटलं. पण मग ते गणित राहिलं असतं का? सोडताना समोरून झुळूक आली होती, मला गालावर लागली होती. मी शीटला हात लावला नाही. गवत हलायचं थांबेपर्यंत उभी राहिले आणि त्याच कोनात दुसरा सोडला.

ठण्ण!

काका चालत गेले. घमेलं उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. चेंडू बाहेर पडलाय, असं ते म्हणणार अशी मला खात्री होती, आणि मी भांडणारही नव्हते. त्यांनी पत्र्यावरून आतून-बाहेरून अंगठा फिरवला. "पोचा आतून हाय," म्हणाले.

मग घमेलं तसंच हातात धरून ते घरात गेले, तुमच्या फोटोसमोर. आई, हे, मी, सगळे मागे. तिथे ते म्हणाले, "दादा, गणित बरोबर हाय." आणि माझ्याकडे न बघता, जरा हळू, "सुनेनं केलं."

ऐकलंत ना? कारण हे मला एकटीला पेलवत नाही. निम्मं तुमचं आहे.

उद्या डंपर येतील. येऊ देत. तुम्हाला शब्द देते, 'आबा' नावाची पाटी मी कधीच पुसणार नाही, आणि दोराच्या गाठी सोडून पुन्हा मीटरच्या बांधणार नाही. त्या वाराच्याच राहतील. वाराचे मीटर करणारा एक चौकोन शीटमध्ये आहे, त्याला मी 'आईंचं लुगडं' नाव दिलंय. दोर पुन्हा अंगणात गेलाय. पोचा आलेलं घमेलं काका मागत होते. दिलं नाही.

तुमची सून,
सुजाता