गॅरेजवरच्या खोलीचा पुरावा

४ मार्च, सोमवार
भाडेकरार नाही म्हटल्यावर व्हिसा कचेरीच्या खिडकीतल्या बाईने मान वर केली. "मग राहता कुठे?" — गॅरेजवरच्या खोलीत राहतो, बाई! दोन वर्षं झाली. पण भाडं हातात द्यायचं, विजेचं बिल मालकीणबाईंच्या नावावर, दारावर पाटी त्यांचीच. आम्ही कुठेच नाही.

मला इथे राहू द्यायचं की नाही, त्याची मुलाखत बावीसला. त्याआधी कुणीतरी घर बघायला येणार. आम्ही नवरा-बायको खरंच एकत्र राहतो हे पटलं नाही, तर ह्यांचं काही जात नाही. ह्यांचे कागद पक्के आहेत. देश सोडून परत जायचं ते मी. एकटीने.

दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्रीपुढे उभी. पाय नुसते ठणकतायत.

५ मार्च
मालकीणबाईंकडे सहीचा कागद मागितला. "अगं, ती खोली पालिकेच्या कागदांवर सामानाची म्हणून दाखवलीय. सही केली तर माझ्याच गळ्याला फास!" अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पण मालकीणबाई गाढव नाहीत, हीच पंचाईत.

७ मार्च
हे बेकरीतून पहाटे आले. "आपण खोटं कुठे बोलतोय? येईल, बघेल, जाईल." एवढं बोलून घोरायला लागले! शेजाऱ्यांना विचारावं, तर त्यांनी आम्हाला धड पाहिलेलंही नाही. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुणाच्या नजरेत येऊ नका. नाही आलो. इतके गुणी भाडेकरू!

१० मार्च, रविवार
वन्सं मदतीला आल्या. ह्यांची मोठी बहीण, तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. दारातूनच सुरू — "अगं बाई, घर आहे की बाजार? सरकारी माणूस येणार आणि दोरीवर ह्या चड्ड्या!"

दोरी काढली. जास्तीचे डबे, औषधं, ह्यांचे पिठाने माखलेले बूट, रोजचे कपडे — सगळं पोत्यांत भरून वन्संच्या घरी. मी चादर धुऊन कडक इस्त्री केली, गिऱ्हाइकाची करते तशी. खोली कशी लख्ख! पाहुणे यायचे म्हटलं की आई असंच घर आवरायची. दोघी जाम खूश होतो.

१२ मार्च
आला. तरुण, सभ्य माणूस. कपाट उघडलं — माझे दोन ड्रेस, ह्यांचा एक शर्ट. बाथरूममध्ये नवा साबण, वेष्टनासकट! मग पलंगाशी थांबला. "इथे कोण झोपतं?" "आम्ही दोघं." त्याने चादरीवरून हात फिरवला. "खोली कालच लावल्यासारखी दिसते."

"तुम्ही येणार म्हणून आवरली हो. बाकीचं सामान नणंदेकडे ठेवलंय." त्याने तेच मोठ्याने म्हणत लिहून घेतलं. ऐकताना मलाच वाटलं, मी वन्संकडे राहते की काय! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

त्याने जिन्यात मालकीणबाईंना गाठलं. मी खाली मान घातली. आता म्हणतील, सामानाची खोली आहे.

"राहतात हो!" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं. हा पहाटे येतो, जिना वाजतो, माझी झोप मोडते. आणि ही भांडतेसुद्धा इतकं हळू, की मला नीट ऐकूही येत नाही. भाडं मी घेते. लिहा."

"इथे भाडेकरू ठेवायची परवानगी आहे?"

"नाही."

त्याने तेही लिहिलं. तो गेल्यावर मी मालकीणबाईंच्या गळ्यात पडून रडले. "पुरे आता," म्हणाल्या.

१३ मार्च
वन्संना सगळं सांगितलं. "मी चांगल्यासाठीच गं..." म्हणून त्याच रडायला लागल्या. संध्याकाळ त्यांची समजूत काढण्यात गेली. मला कोण समजावणार?

२२ मार्च
मुलाखत झाली. भिंतीकडून कोण झोपतं, हेसुद्धा विचारलं. दोघांनी एकच उत्तर दिलं. समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. घरी येऊन तशीच आडवी झाले.

९ एप्रिल
मंजूर! मी इथेच राहणार, ह्यांच्याबरोबर!

दुपारी पालिकेची दोन माणसं आली आणि खोलीला सील ठोकून गेली. मालकीणबाईंना दंड. मंजुरीबरोबर बजावलंय — पत्ता बदलला तर ताबडतोब कळवा. आम्ही पुन्हा भरलेली पोती घेऊन फुटपाथवर बसलोय. काय कळवू?